वानोळ्याचं वजन

मुलांनो, जरा एक बाजार डोळ्यांसमोर आणा. आठवडी बाजार. मिरच्यांचे लाल ढीग, त्यांच्या खकाण्यानं येणाऱ्या शिंका, मेथीवर पाणी शिंपडणारी म्हातारी, आणि "घ्या ना बाई, आत्ताच तुमच्या जावेनं नेले" असं बिनदिक्कत खोटं सांगणारा कांदेवाला. दिसला?

आता त्यातली माणसं पुसून टाका. पालं काढा, रस्ता काढा, आवाज बंद करा. उरली काय, तर हातात मावणारी एक काच. तिच्यात मिरच्यांचं चित्र, कांद्यांचं चित्र. बोट लावलं की वस्तू दारात हजर. या बाजाराला वेस नाही आणि ठरलेला वारही नाही. पुण्यातली बाई जानेफळ गावची वडी विकत घेते आणि दोघींनी एकमेकींचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं.

सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतो? पण आणखी थोडं कल्पून पाहा. अशा बाजारात तुम्ही दुकान मांडलंय, गिऱ्हाईक यायला लागलंय, आणि एके दिवशी कोणीतरी तुम्हाला उचलून बाहेर ठेवलं. कोणी ठेवलं ते दिसत नाही. का ठेवलं ते विचारायचं, तर कोणाला विचारायचं हेच ठाऊक नाही. हाका मारल्या तर काच उत्तर देते.

जानेफळच्या काजलवर ही वेळ आली, तेव्हा ती सातवीची परीक्षा देऊन नुकतीच सुट्टीत घरी बसली होती. घरी बसली म्हणजे गच्चीवर, कावळे हाकत.

कारण गच्चीवर तिच्या आईच्या मूगवड्या वाळत असायच्या. आईचं नाव पुष्पांजली. डाळ रात्री भिजत घालायची, पहाटे लसूण-मिरची टाकून जाडसर वाटायची, आणि उन्हं तापायच्या आत जुन्या लुगड्यांवर बोटांनी टपटप वड्या सोडायच्या. तिच्या वड्या रश्शात फुलायच्या, पण विरघळायच्या नाहीत. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण गावात प्रत्येकीच्या घरी स्वतःची गच्ची आणि स्वतःच्या वड्या होत्या. विकणार कोणाला?

मग बचत गटाच्या मेळाव्यात "ओसरी" नावाच्या अॅपची माहिती सांगायला कोणी कोणी आले. तालुक्याच्या सभागृहात भाषणं झाली, टाळ्या झाल्या, आणि घरी आल्यावर काजलनं आईच्या नावानं दुकान उघडलं. अॅपमध्ये बरंचसं इंग्रजी होतं. आई मराठी घडाघडा वाचायची, पण इंग्रजी आलं की फोन काजलकडे सरकवायची. त्यामुळे वड्या आईच्या आणि दुकानाची किल्ली काजलच्या हातात, असं ठरून गेलं. फोटो काढायचे, ऑर्डर बघायची, वजन लिहायचं, पुडा चिकटवायचा, ही सगळी काजलची कामं. गावातल्या शिवमनं पार्सलचं केंद्र काढलं होतं, तो मोटारसायकलवर येऊन पुडे घेऊन जायचा. पुढे ते मोठ्या गोदामात जात आणि तिथलं यंत्र ते पुन्हा तोलून पुढे धाडत असे.

आणखी एक गोष्ट पुड्यात जायची. वानोळा.

शहरातल्या मुलांना वानोळा सांगावा लागेल. शेतात पहिल्या शेंगा निघाल्या, बागेतलं पहिलं सीताफळ पिकलं, की त्यातलं थोडं शेजारी, पाहुण्यांकडे द्यायचं. मागितलं नसताना, मोबदल्याशिवाय. त्याला वानोळा म्हणतात. आईला ऑर्डरच्या पुड्यात नुसत्या वड्या घालून पाठवणं जमेचना. तिला ते कोणाला दारातूनच परत लावल्यासारखं वाटायचं. म्हणून काजल प्रत्येक पुड्यात बोरकुटाची एक पुडी टाकायची. वाळलेली बोरं उखळात कुटून, मीठ-तिखट लावलेली.

पहिल्याच वेळी काजलनं ती पुडी वड्यांसोबत काट्यावर ठेवली, तर आईनं उचलून बाजूला केली.

"वानोळा तोलत नसतात, काजल."

"काऊन?"

"तोलला का तो सौदा झाला. मंग द्यायले काय राह्यलं?"

तेव्हापासून काजल आधी वड्या तोलायची, तेवढंच वजन लिहायची, आणि मग पुडी आत सरकवायची. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, बोरकूट खाऊन मला माझी शाळा आठवली. आईनं ते वाक्य शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं.

आणि एका दुपारी काजल गच्चीवरून खाली आली, फोन उघडला, तर दुकानाच्या पाटीवर राखाडी पडदा. वर इंग्रजीत एक ओळ. एक शब्द तिला अडला. तो तिनं फोनमध्येच शोधला, आणि अर्थ कळताच तिनं आईला हाक मारली.

"आई, आपलं दुकान बंद केलं."

"कोनं?"

"ओसरीनं. म्हनते, तुमी फसवनूक केली."

पुष्पांजली पदराला हात पुसत आली. "कोनाची फसवनूक? कोनाच्या वड्या कच्च्या निघाल्या का?"

कारण खाली बारीक अक्षरात होतं. पुड्यांचं लिहिलेलं वजन आणि गोदामात भरलेलं वजन वारंवार जुळत नव्हतं. दर वेळी थोडं जास्त भरत होतं. कमी वजन लिहून जास्त माल पाठवणं म्हणजे गाडीभाडं चुकवणं, असा यंत्राचा हिशेब. बोरकुटाची पुडी.

पुडी काजलनं आत टाकली होती. वजन तिनं लिहिलं होतं.

"थांब, मी सांगते त्याहिले," ती म्हणाली आणि तिनं मदतीचं बटण दाबलं.

पडद्यावर हसरा चेहरा उमटला. "नमस्कार. मी मैत्री. मी तुमची काय मदत करू?"

काजलनं लिहिलं, "आमचं दुकान चुकीनं बंद झालं. ती जास्त वस्तू वानोळा आहे."

"क्षमा करा, मला समजलं नाही. पार्सलमध्ये ऑर्डरव्यतिरिक्त वस्तू होती का? हो किंवा नाही निवडा."

आता खरं बोलायचं म्हटलं तर उत्तर एकच होतं. काजलनं "हो" दाबलं.

"धन्यवाद. तुमची कबुली नोंदवली आहे."

"काय म्हने ते बाई?" आईनं विचारलं.

"बाई नाई ते, आई. मशीन हाये."

"मशीनचं नाव मैत्री ठेवलं?"

"हाव."

पुष्पांजलीनं त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बोट केलं. "तिले म्हन, मानसाले बोलाव."

काजलनं तसं लिहिलं. मैत्रीला ते समजलं नाही. तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि काजलनं फोन खाली ठेवला.

संध्याकाळी शिवम आला, तर त्याला द्यायला पुडाच नव्हता. त्यानं फोन हातात घेतला आणि हसला.

"एवढंच होय? मले वाटलं काय झालं. हे पाहा, इथं खाली चौकट हाये बारकी. हे दाबलं का दुकान उघडते. सगळेच दाबतात."

"त्या चौकटीसमोर काय लिहिलं हाये?" काजलनं विचारलं.

"कोन वाचते बे ते."

काजलनं वाचलं. तिनं फोन जवळ ओढला, एकेक शब्द लावला आणि आईला मराठीत सांगितलं. त्या चौकटीत लिहिलं होतं, मी जाणूनबुजून खोटं वजन सांगून फसवणूक केली, हे मी मान्य करते. पुन्हा असं आढळल्यास माझं दुकान कायमचं बंद करावं.

पुष्पांजलीचा चेहरा उतरला, आणि मग ताठ झाला.

"मी नाई दाबनार."

"ताई, नुसती चौकट हाये ते," शिवम म्हणाला. "कंपनी काही गावात दवंडी देनार नाई. दाबा, अन् उद्यापासून पुडे सुरू."

"शिवम, तुले हबीबचाचाचं आठोते का? मसालेवाला?"

"काय झालं होतं?"

"भर बाजारात बोंब झाली होती, हबीबचा काटा खोटा हाये म्हनून. लोक जमले. पन कोनी त्याचं पाल उपटलं का? नाई. आधी त्याले इचारलं. मंग सगळ्याच्या समोर काटा उलटा केला, तं पारड्याखाली गुळाचा खडा चिकटलेला. चाचाले बी माहीत नव्हतं. लोक हासले, चाचानं ज्याचं कमी भरलं त्याले मसाला देल्ला, अन् अजून तो तिथंच बसते. आधी इचारलं ना. हे तं कोनी इचारतच नाई."

"ताई, हा काही जानेफळचा बाजार नाई."

"बाजार तं हाये ना?"

शिवम रिकाम्या हातानं गेला.

रात्री जेवताना काजलच्या बाबांनीही तेच सुचवलं. गोविंदा शांत माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर चालवून थकलेला. "गच्चीवर एवढा माल पडला हाये, पुष्पा. पाऊस आला का वड्या ओल धरतीन. दाबून टाक. कोनाले दिसते?"

"मले दिसते ना," पुष्पांजली म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

काजल हे सगळं ऐकत होती. तिला दोन्ही बाजू कळत होत्या. चौकट दाबली तर वड्या जातील, पण आई फसवी ठरेल, तेही स्वतःच्या तोंडानं. नाही दाबली, तर आई खरी राहील आणि वड्या गच्चीवर कुजतील. आणि हा पेच तिच्या हातून पुड्यात गेलेल्या पुडीनं टाकलेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुबीनाखाला आल्या. त्या गोधड्या शिवायच्या, त्यांचंही दुकान ओसरीवर होतं आणि मागे तेही असंच बंद पडलं होतं.

"माह्यं बी झालं होतं, पुष्पा," त्या म्हणाल्या. "मी गोधडीसंगं उशीचा एक अभ्रा टाकत जाव. नुसती गोधडी द्यायले जीव होये ना. माह्या पोरानं, जुनेदनं, फोनवर काय तं दाबलं, अन् झालं चालू."

"काय दाबलं ते पाह्यलं होतं का, भाभी?"

"मले कुठं वाचता येते इंग्रजी? त्यानं सांगतलं, दुकान उघडाचं बटन हाये."

काजलनं तोंड उघडलं, पण आईनं डोळ्यांनीच तिला थांबवलं. मुबीनाखालांना इथं, चहा पिताना सांगायची ती गोष्ट नव्हती.

त्यांच्या गेल्यानंतर काजल म्हणाली, "आई, आपन तालुक्याले जाऊ. तिथं लोकशाही दिन असते. आमच्या सरांनी सांगतलं होतं, त्या दिवशी कोनीबी अर्ज घेऊन साहेबाच्या समोर जाऊ शकते."

"अन् काय सांगाचं?"

"ऐकून घ्या म्हनाचं. दुसरं काय?"

तहसील कार्यालयात त्या दिवशी गर्दी होती. कोणाचा शेताकडचा पांदण रस्ता, कोणाचा सातबारा. पुष्पांजलीचा नंबर आला तेव्हा तहसीलदार मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा लावला. त्या चाळिशीतल्या, शांत आवाजाच्या बाई होत्या.

"ताई, मला तुमचं म्हणणं पटतंय. पण हे माझ्या हातात नाही."

"मंग कोनाच्या हातात हाये?"

मॅडमनी खरंच विचार केला. "बघा, वजनमापाचं खातं तुमचा काटा तपासेल. तुमचा काटा तर बरोबर आहे. ग्राहकांचं न्यायालय ग्राहकासाठी असतं, तुम्ही ग्राहक नाही."

"नाई. मी तं इकते."

"कामगार कार्यालय नोकरांसाठी. तुम्ही कंपनीच्या नोकर नाही."

"नाई."

"आणि कंपनीच्या दुकानाचा गाळा तुम्ही भाड्यानं घेतला असता, तर भाडेकरू म्हणून काही बोलता आलं असतं. पण गाळाच नाही."

पुष्पांजलीनं पदर खांद्यावर नीट केला. "म्हंजे मी गिऱ्हाईक नाई, नोकर नाई, भाडेकरू बी नाई. मंग मी कोन हाओ, मॅडम?"

मागे रांगेत कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडम हसल्या नाहीत.

"हाच अडचणीचा भाग आहे," त्या म्हणाल्या. "बाजार नवा आहे, कायदे जुने आहेत. तुमच्यासारख्यांसाठी नियम व्हायला हवेत, अजून धड झालेले नाहीत. कंपनी एका राज्यात, यंत्र दुसरीकडे, तुम्ही इथं. मी हुकूम काढला तर ते म्हणतील, तुम्ही कोण?"

"तुमाले बी तेच इचारतीन?" काजल पटकन म्हणाली. आईनं तिचा हात दाबला.

मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "हो, मलाही तेच विचारतील. पण बचत गटाच्या ज्या मेळाव्यात ते आले, त्यासाठी सभागृह आम्ही दिलं होतं. मंचावर मी होते. त्या नात्यानं मी त्यांना बोलावू शकते. येतील की नाही, सांगता येत नाही. पण बोलावते."

मुलांनो, बोलावणं म्हणजे काही शिक्षा नव्हे आणि निकालही नव्हे. पण ज्या काचेतून आजवर एकही माणूस बाहेर आला नव्हता, तिच्यामागून कोणीतरी येणार, एवढ्यावर काजल घरी येताना एसटीत खिडकीशी बसून गुणगुणत होती.

आणि ठरलेल्या दिवशी तो तहसील कार्यालयात आला. कंपनीला असे मेळावे पुढेही हवे होते, म्हणून असेल. निळा शर्ट, पाठीवर बॅग, हातात टॅब, बोलणं अगदी मऊ. ज्यांची दुकानं पूर्वी बंद पडून उघडली होती, त्यांनाही मॅडमनी निरोप धाडले होते. मुबीनाखाला आल्या होत्या. हिवरा आश्रम गावच्या सत्यभामाबाई आल्या होत्या, लोणचीवाल्या, बसल्या जागी साऱ्यांची खुशाली विचारणाऱ्या.

"मॅडम, आधी एक स्पष्ट करतो," कंपनीचा माणूस म्हणाला. "आम्ही दुकानदार नाही. आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत. विकणारा आणि घेणारा यांच्या मधली एक जागा."

"जागा?" पुष्पांजली म्हणाली.

"हो ताई. नुसती जागा."

"जागा कधी कोनाले बाहीर काढते का, दादा? बाहीर काढते तो मालक. काढाच्या वक्ताले मालक, अन् इचारलं का नुसती जागा. असं कसं?"

सत्यभामाबाई मान हलवत पुटपुटल्या, "बराबर बोलली बाप्पा."

त्या माणसाचा मऊपणा ढळला नाही. "ताई, कोणी माणूस काढत नाही. यंत्र ठरवतं, आणि सगळ्यांसाठी सारखंच ठरवतं. भेदभाव नाही." मग तो मॅडमकडे वळला. "आणि मॅडम, आकडेच बोलतात. या भागातली जी जी दुकानं यंत्रानं बंद केली, त्या सर्वांनी आपली चूक स्वतः, चौकटीवर टिक करून, लेखी कबूल केली आहे. फक्त या ताई सोडून. सगळेच मान्य करतायत, तर यंत्र चुकतंय असं कसं म्हणायचं? वेगळा नियम, वेगळा अधिकारी कशाला हवा?"

काजल आईच्या मागे उभी होती. आता तिला कळलं. शिवम म्हणाला होता, नुसती चौकट आहे. ती नुसती कधीच नव्हती. एकेक चौकट जमा होत गेली होती, आणि आज हा माणूस त्या सगळ्या टोपलीत घालून इथं घेऊन आला होता, दाखवायला की बघा, या बायांना नियम नकोत, या तर म्हणतातच की आम्ही लबाड.

"तरी आम्हाला वाद नको," तो पुढे म्हणाला. त्यानं टॅब पुष्पांजलीसमोर धरला. "ताई, इथं एक टिक करा. मॅडमसमोर, आत्ता, या मिनिटाला तुमचं दुकान उघडून देतो. तुमचा सीझन चाललाय, मला कल्पना आहे."

खोलीत पंखा कुरकुरत होता. पुष्पांजलीनं टॅबकडे पाहिलं. काजलला आईची मान मागून दिसत होती, आणि तिला ठाऊक होतं की आईच्या डोळ्यांसमोर आत्ता गच्ची आहे, लुगड्यांवर पसरलेला सगळा उन्हाळा आहे. गोविंदाचा थकलेला चेहराही असेल. आईनं सवयीनं टॅब मागे सरकवला, काजलकडे, जसा इंग्रजी आलं की ती नेहमी फोन सरकवायची.

मग काजलनं काय केलं?

तिनं टॅब हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. आधी इंग्रजीत, अडखळत, वर्गात उभं राहून वाचतात तसं. कंपनीचा माणूस म्हणाला, "वाचायची गरज नाही बेटा, खाली—" पण ती थांबली नाही. इंग्रजी संपलं, मग तिनं तेच मराठीत सांगितलं, हळू, कोपऱ्यातल्या शिपायालाही ऐकू जाईल असं. मी जाणूनबुजून खोटं वजन सांगून फसवणूक केली, हे मी मान्य करते. पुन्हा असं आढळल्यास माझं दुकान कायमचं बंद करावं.

"खाला," ती वळून म्हणाली, "जुनेदनं तुमच्या फोनवर हेच दाबलं होतं."

मुबीनाखालांचा हात तोंडाशी गेला. "या अल्ला. असं लिहिलं होतं त्यात?"

"हाव."

"अगं, मी कायले कोनाले फसोन? अभ्रा टाकला होता गं मी. नवा कोरा अभ्रा." त्या उठून उभ्या राहिल्या. त्या कंपनीच्या माणसाकडे सरळ पाहत होत्या. "हे माह्यं काढा. मी असं म्हनलंच नाई."

"माह्यं बी काढा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी लोणच्यासंगं चार लिंबं पाठोली होती. आता लिंबं पाठोनं बी गुन्हा होय का?"

"काकू, मी समजू शकतो," तो माणूस म्हणाला. "पण सिस्टीममध्ये दुसरा पर्यायच नाही. एकच चौकट आहे. मी काय करू? माझ्याही हातात नाही."

"तुमच्या हातात नाई," काजल म्हणाली. "मॅडमच्या हातात नाई. मशीनले समजत नाई. मंग माह्या आईचं ऐकाचं कोनं?"

काजलनं टॅब छातीशी धरला आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, जिथं मॅडमची खुर्ची होती आणि जिथं अर्जदारांनी जायचं नसतं. शिपाई पुढे झाला, तर मॅडमनी बोटानं त्याला थांबवलं.

काजलनं टॅब मॅडमसमोर ठेवला. चौकट रिकामी होती आणि चमकत होती.

"मॅडम, तुमी माह्या आईले इचारा. काय इचाराचं ते इचारा, मले बी इचारा, वजन मी लिहिलं होतं. सगळं ऐका. अन् ऐकून जर तुमाले वाटलं का तिनं फसोलं, तं हे तुमीच दाबा. आमी दाबनार नाई."

कंपनीच्या माणसानं टॅब परत घ्यायला हात पुढे केला. काजलनं आपला तळवा टेबलावर, त्याच्या हाताच्या आणि टॅबच्या मधोमध पालथा ठेवला, आणि ती तिथून हलली नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, कोरा कागद पुढे ओढला, आणि पुष्पांजलीसाठी खुर्ची आणायला सांगितली.